तळहातावरचं दुसरं नाव

पत्र

आम्ही अकरा जण मिळून एक फूड बँक चालवतो. पगारी कुणी नाही, सगळे आपापली कामं सांभाळून येतात. महिन्यातून दोनदा, शनिवारी, कमी उत्पन्नाच्या १२० कुटुंबांना पिशव्या देतो. पिशवीत ५ किलो धान्य, १ किलो कडधान्य, १ लिटर तेल, १ किलो साखर. एका कुटुंबाला एक पिशवी, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम.

गेल्या तीन वाटपांपासून एक बाई स्वतःच्या नावावर पिशवी नेते आणि तासाभराने तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी वेगळ्याच नावावर दुसरी पिशवी न्यायला येते. परवा नाव सांगताना मुलगी अडखळली. तिने मूठ उघडून पाहिलं. तळहातावर पेनाने नाव लिहिलेलं होतं. मला काही सुचेना, मी पिशवी देऊन टाकली. (घरात सात माणसं आहेत म्हणते ती बाई, पण तसं सगळेच वाढवून सांगतात.)

आमच्यात आता दोन तट पडलेत. काही जण म्हणतात, तिला सगळ्यांसमोर जाब विचारा, नाहीतर उद्या सगळी रांग हेच करेल. एकाच्या कानावर आलंय की ती तेल विकते. काहींचं म्हणणं, आता सगळ्यांकडून उत्पन्नाचे कागद घ्या. नोंदवही माझ्याकडे, गोदामाच्या चाव्या माझ्याकडे, म्हणून निर्णयही मीच घ्यायचा. मला राग येतो आणि रागाचीच लाज वाटते. रात्री झोप नाही. त्यात एक मोठे देणगीदार वाटपाचे फोटो मागताहेत, चेहरे दिसतील असे. काय करू?

— एक स्वयंसेविका

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही कंसात टाकली आहे. 'घरात सात माणसं आहेत म्हणते.' तिच्या दोन नावांवर तुम्ही अख्खा परिच्छेद लिहिलात आणि सात माणसांना अर्धी ओळ दिलीत. मी उलट्या बाजूने सुरुवात करते.

आधी पिशवीचा हिशेब करू. कागद-पेन घेऊन तुम्हीही करा. कोरड्या धान्याच्या एका किलोत ढोबळमानाने ३,५०० किलोकॅलरी असतात, म्हणजे ५ किलोत १७,५००. कडधान्याच्या किलोत ३,४०० च्या आसपास, लिटरभर तेलात सुमारे ८,०००, साखरेच्या किलोत जवळजवळ ४,०००. सगळं मिळून तुमच्या पिशवीत ३३,००० किलोकॅलरी भरतात. आपत्तीच्या काळात अन्न वाटणाऱ्या संस्था नियोजन करताना माणशी दिवसाला २,१०० किलोकॅलरी धरतात. आता भागाकार करा. एकट्या माणसाला तुमची पिशवी पंधरा दिवस जाते, पुढच्या वाटपापर्यंत. चौघांच्या घराला जेमतेम चार दिवस. आणि सात माणसांच्या घरात शनिवारी आलेली पिशवी सोमवारी रात्री संपते.

त्या बाईने दोन पिशव्या नेल्या तर काय होतं? बुधवारी रात्री संपतात. लेकीला खोटं नाव पाठ करायला लावून, पकडलं जाण्याची भीती पोटात घेऊन, तासभर अंतर ठेवून दोनदा रांगेत माणूस उभं करून ती बाई सोमवारची बुधवारपर्यंत पोचते. एकटा राहणारा माणूस एकदाच येतो, खरं नाव सांगतो आणि पंधरवडा काढतो. तुमच्या नोंदवहीत दोघांसमोर एकेकच खूण असायला हवी होती, तिच्यासमोर दोन झाल्या. वही तेवढंच दाखवते, कारण तिच्यात पिशव्या मोजल्या जातात. खाणारी तोंडं मोजायचा रकानाच तिच्यात नाही.

नियम तुम्ही वाईट हेतूने केला असं मी अजिबात म्हणत नाही. हा नियम कसा जन्माला येतो ते मला माहीत आहे, कारण अशाच एका ठिकाणी टेबलाच्या अलीकडच्या बाजूला मी बरीच वर्षं बसले आहे. पहिल्या दिवशी माल किती येईल आणि माणसं किती येतील याचा काही पत्ता नसतो. कुणीतरी म्हणतं, घरटी एक देऊ, भांडण नको. ते सगळ्यांना पटतं, कारण मोजायला सोपं आहे आणि दिसायलाही समान आहे. मग त्या घाईत केलेल्या सोयीला वर्षभरात नियमाचं वजन येतं, आणि एक दिवस आपण त्या नियमाच्या बाजूने एका आठ वर्षांच्या मुलीसमोर उभे राहतो.

जाब विचारायचा म्हणताय, तर तसा एकदा मी विचारला होता. ते सांगते.

एक गृहस्थ होते, पन्नाशीचे. त्यांनी एक पिशवी नेली आणि रांगेच्या शेवटी परत येऊन उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा मी विचारलं, "मघाशी येऊन गेलात ना तुम्ही?" आवाज मी चढवला नव्हता. पण अशा खोलीत आवाज चढवावा लागत नाही, सगळे कान तिकडेच असतात. ते काही बोलले नाहीत. आधीची पिशवी त्यांनी बाहेर भिंतीशी ठेवली होती, ती आत आणून टेबलावर ठेवली. रिकामी कापडी पिशवी हातात होती, तिची त्यांनी व्यवस्थित चार घड्यांची घडी घातली, खिशात ठेवली आणि निघून गेले. पुढच्या वेळी ते येणार नाहीत हे मी धरूनच चालले होते. पण त्यांच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या दोन बायकाही पुन्हा आल्या नाहीत. त्यांनी काहीच केलं नव्हतं. त्यांनी फक्त पाहिलं होतं. माझ्यासोबतचे लोक त्या दिवशी म्हणाले, बरं झालं, वचक बसला. बसला, खरंच. कुणावर बसला ते मला कळायला दोन वाटपं जावी लागली.

म्हणून ज्यांना भर रांगेत तिला चव्हाट्यावर आणायचं आहे, त्यांना माझ्या वतीने स्पष्ट नाही सांगा. इथे मध्यममार्ग मला दिसत नाही.

आता कागदांचं. १९९३ साली जोव्हानी आंद्रेआ कॉर्निया आणि फ्रान्सिस स्ट्यूअर्ट या दोन अर्थतज्ज्ञांनी अन्नमदतीच्या योजनांमधल्या दोन चुका वेगवेगळ्या करून दाखवल्या. एक चूक म्हणजे गरज नसलेल्याला मदत मिळणं. दुसरी म्हणजे गरज असलेला बाहेर राहणं. पहिली चूक कमी करायच्या मागे लागलं की दुसरी वाढते, आणि या दुसरीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, असं त्यांनी मांडलं. टेबलावर बसणाऱ्याला हे लगेच पटेल. दोनदा आलेल्याचा चेहरा आपल्या लक्षात राहतो, रात्री डोळ्यांसमोर येतो. कागद नाही म्हणून जो आलाच नाही, त्याचा चेहरा आपण कधी पाहिलेलाच नसतो. त्याच्यासाठी कुणाची झोप उडत नाही.

आणि कागद असतो कुणाकडे? महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्याकडे. ज्याला चार दिवस काम मिळतं आणि सहा दिवस मिळत नाही, तो कुठला कागद आणणार? ज्याची नोकरी गेल्या आठवड्यात गेली, त्याच्या कागदावर अजून गेल्या महिन्याचा पगार दिसतोय. घर सोडून मुलांसह बाहेर पडलेल्या बाईचे कागद त्या घरातच राहिलेले असतात. शिवाय वेळेचा हिशेब बघा. १२० कुटुंबं, कागद बघायला प्रत्येकी तीन मिनिटं धरली तरी सहा तास होतात. अकरा जणांतले कोण हे सहा तास देणार आहेत? एका जास्तीच्या पिशवीसाठी? आणि लोकांच्या कागदांच्या प्रती तुमच्या कपाटात पडून राहणार, त्या सांभाळायची जबाबदारी वेगळीच.

तपासणी करूनही माणसाला टेबलासमोर जाबासाठी उभं न करायची एक रीत आहे. ब्रिटनमध्ये ट्रसेल या संस्थेची पहिली फूड बँक २००० साली सॉल्झबरीत सुरू झाली. तिथल्या पद्धतीत डॉक्टर, समाजसेवक, सल्ला केंद्र असं कुणीतरी, जे त्या घराला आधीपासून ओळखतं, ते चिठ्ठी देतं. चिठ्ठी आणली की फूड बँकेत चौकशी होत नाही आणि घरात माणसं किती ते पाहून शिधा दिला जातो. या पद्धतीतही खाचखळगे आहेत. अशी ओळख नसलेला माणूस मागे राहतो. पण तुमच्या गटाला काहीतरी पडताळणी हवीच असेल, तर निदान ती खोलीच्या बाहेर आणि ओळखीच्या माणसाकडून व्हावी. माझं मत विचाराल तर तुमच्या १२० घरांसाठी याचीही गरज नाही. माणसं मोजा, एवढं पुरे.

मोजायची कशी ते सांगते, आणि क्रम महत्त्वाचा आहे. येत्या शनिवारी काहीही बदलू नका. तीच पिशवी, तोच नियम. फक्त प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: "घरात जेवणारी माणसं किती?" उत्तर वहीत लिहा आणि पुढे जा. पिशवी आकड्यावर ठरणार असं अजून कुणाला माहीत नसल्यामुळे वाढवून सांगण्यात कुणाचा काही फायदा नाही. कशासाठी विचारताय असं कुणी विचारलंच तर खरं ते सांगा, पण उगाच जाहीर करू नका. हा आकडा तुमचा पाया.

मग पिशव्या तीन मापांच्या करा. लहान, एक-दोन माणसांची, ३ किलो धान्याची. मधली, तीन ते पाच माणसांची, आताच्यासारखी ५ किलोची. मोठी, सहा किंवा जास्त माणसांची, ७ किलोची. कडधान्य, तेल, साखर यांचंही तसंच: लहानीत अर्धं, मधलीत एक, मोठीत दीड. समजा तुमच्याकडे ३० घरं लहान, ६० मधली आणि ३० मोठी निघाली. धान्य किती लागेल? ९० अधिक ३०० अधिक २१०, म्हणजे ६०० किलो. आज १२० पिशव्यांत तुमचं ६०० किलोच जातं. तेलही १२० लिटरच राहतं. तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, त्याप्रमाणे मापं हलवा. नवा दाता शोधायची गरज नाही. पिशव्या ओळखू याव्यात म्हणून तोंडाला दोरी बांधताना एक गाठ, दोन गाठी, तीन गाठी मारा. आम्ही हेच करायचो. वर 'मोठे कुटुंब' वगैरे काही लिहायचं नाही, गाठी पुरतात.

यात कुणाचं तरी कमी होणार, ते लपवू नका. एकट्या माणसाची पिशवी पंधरा दिवसांवरून साडेआठ दिवसांवर येईल. त्यांच्यात म्हातारी, एकटी पडलेली माणसं असतील आणि ती नाराज होतील. त्यांना एक वाटप आधी, खुर्चीवर बसवून, कारणासह सांगा. आणि प्रत्येक वेळी पाच-सहा पिशव्या कुणी न्यायला येत नाही असं होतच असेल. त्या परत साठ्यात न टाकता राखीव ठेवा. ज्याला दुसरा काहीच आधार नाही, त्याला त्यातली द्यायची, आणि ती कुणाला दिली याची चर्चा करायची नाही.

आता तुम्ही विचाराल, सात माणसांच्या घराला मोठी पिशवी कुठवर जाईल? मंगळवारी रात्रीपर्यंत. म्हणजे दोन नावांवर तिला जेवढं मिळत होतं, त्यापेक्षा एक दिवस कमीच. हे मी मुद्दाम सांगते, कारण नियम सुधारला की ती आपसूक एकाच नावावर येईल असं धरून बसाल तर पुन्हा रागावाल. कदाचित येईल, कदाचित मुलीला पाठवत राहील. मला वाटतं, येईल. सात सांगायचे, मोठी पिशवी घ्यायची, आणि वाटेत पोरीची उजळणी घ्यायची नाही, याची किंमत बहुतेक आयांच्या हिशेबात एका दिवसाच्या अन्नाहून जास्त असते. नाही आली, तर ती एक जास्तीची पिशवी तुमच्या १२० मधली एक आहे. तेवढी गळती मनात धरून चाला. पाचाचे सहा सांगून कुणी मोठी पिशवी नेईल, तर २ किलो धान्य आणि अर्धा लिटर तेल जास्त जाईल. त्याच्यासाठी कुणाचं घर बघायला जाऊ नका.

तिच्याशी बोलायचं का? बोला, पण नियम बदलल्यावर. आधी बोललात तर तुमच्याकडे तिला द्यायला बोलण्याशिवाय काहीच नाही. नवी पद्धत सगळ्यांना एकदमच सांगा, आणि ती टेबलाशी आली की इतरांना विचारता तसंच विचारा: "जेवणारी किती?" ती म्हणेल, सात. तुम्ही लिहा, सात. तीन गाठींची पिशवी द्या. दुसऱ्या नावाचा विषय काढू नका. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. 'मला सगळं माहीत होतं हं' हे वाक्य जिभेवर येईल, कारण आपण समजूतदारपणे वागलो हे समोरच्याला कळावं अशी आपली फार इच्छा असते. गिळून टाका ते. वहीतलं ते दुसरं नाव दोन-तीन वाटपं रिकामं राहील, मग पान उलटेल.

आणि मुलगी आलीच पुन्हा, तर तिच्याकडून नाव ऐकायचं नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला विचारायचा प्रश्न तो नव्हेच. "आईला सांग, सगळ्यांची मिळून एकच मोठी पिशवी आहे आता, तिने स्वतः यावं," एवढं म्हणा आणि त्या दिवशी तिला रिकाम्या हाताने पाठवू नका. तुम्ही परवा काही न बोलता पिशवी दिलीत, त्यावरून स्वतःला दोष देताय असं पत्रातून वाटलं. माझ्या मते त्या क्षणी त्या खोलीत झालेली सगळ्यात योग्य गोष्ट तीच होती. त्या पोरीच्या घामेजल्या तळहातावरची शाई बहुतेक अर्धी पुसलीच असेल, म्हणून ती अडखळली. तिला वाचता येत होतं तेवढं तिने वाचलं. यात लबाडी शोधणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यांना एकदा विचारा, आपल्या घरातल्या त्या वयाच्या पोराला आपण हे काम कधी सांगू? काय झालं म्हणजे सांगू?

तेल विकण्याची गोष्ट. ऐकीव आहे, पण खरी धरू. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दुष्काळांच्या अभ्यासातून दाखवलं की अन्न मुळात कमी पडलं नाही तरी लोक उपाशी राहू शकतात. ते विकत घेण्याची ताकद हातातून गेली, की दुकान भरलेलं असूनही पोट रिकामं राहतं. तुमच्या पिशवीत औषध नाही, चुलीचं इंधन नाही, घरभाडं नाही. जी बाई तेल विकते तिला तेल नको आहे असं नाही, तिला त्याहून तातडीचं काहीतरी हवं आहे. हे शोधायचं असेल तर खोलीच्या एका कोपऱ्यात अदलाबदलीचं टेबल ठेवा. ज्याला साखर नको त्याने तिथे ठेवावी आणि दुसऱ्याने सोडलेलं काही घ्यावं, कुणी देखरेख करायची नाही. दोन महिन्यांत तुम्हाला कळेल की तुमच्या पिशवीतलं काय लोकांना लागतं आणि काय तुम्ही सवयीने भरता. मोठमोठ्या संस्थांनाही हे उशिरा कळलं. अमेरिकेतल्या फूड बँकांचं राष्ट्रीय जाळं, ज्याला आज फीडिंग अमेरिका म्हणतात, ते पूर्वी प्रत्येकाला पाळीने, येईल तो माल देऊ करायचं. २००५ मध्ये त्यांनी पद्धत बदलली. प्रत्येक फूड बँकेला फक्त बोलीपुरतं चालणारं कृत्रिम चलन वाटलं आणि कुठला माल हवा त्यावर तिनेच बोली लावायची असं ठरवलं. ज्याच्याकडे एक वस्तू ढीगभर पडली आहे तो तिच्यावर बोली लावत नाही, ज्याला टंचाई आहे तो लावतो. कुणाला काय हवं ते वरून ओळखायची गरजच उरली नाही.

तुमच्या गटाला यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट सांगावीशी वाटते. जगातली पहिली फूड बँक म्हणतात ती १९६७ साली अमेरिकेतल्या फीनिक्स शहरात सुरू झाली, जॉन व्हॅन हेंगेल नावाच्या स्वयंसेवकाने केली. पण कल्पना त्याची नव्हती. तो एका मोफत जेवणाच्या केंद्रावर काम करायचा. तिथे त्याला एक आई भेटली, जी दुकानांच्या मागच्या कचऱ्याच्या डब्यांतून मुलांसाठी अन्न काढायची. तिने सुचवलं, हे फेकण्याऐवजी बँकेसारखं एखाद्या ठिकाणी जमा व्हावं आणि लागेल त्याने येऊन काढावं. ज्या शब्दाखाली तुम्ही अकरा जण काम करता, तो शब्द टेबलाच्या पलीकडून आला आहे. म्हणून तीन मापं ठरवायच्या बैठकीला रांगेतल्या दोघा-तिघांना बोलवा. मोठ्या घरातली एक बाई, एकटा राहणारा एक माणूस. त्यांना सल्लागार वगैरे म्हणू नका, चहाला बोलवा आणि पिशवी कुठल्या वारी संपते ते विचारा. माझा वरचा सगळा भागाकार त्यांना तोंडपाठ असेल.

फोटोंना नाही म्हणा. त्या मुलीचा, उघडलेल्या मुठीचा फोटो कुणाच्या वार्षिक अहवालात छापला गेला असता, एवढी कल्पना पुरेशी आहे. देणगीदारांना त्याऐवजी भरलेल्या पिशव्यांच्या ओळी, माल उतरवणारे स्वयंसेवक आणि मोजलेले आकडे द्या. किती माणसांची किती दिवसांची सोय झाली, हा आकडा आता तुमच्याकडे असेल आणि तो कुठल्याही फोटोपेक्षा प्रामाणिक आहे. त्यांना शुक्रवारी पिशव्या भरायला बोलवा. तरीही चेहरेच हवे म्हणाले, तर देणगी जाऊ द्या. हे सांगणं मला सोपं आणि तुम्हाला कठीण आहे, याची मला जाणीव आहे.

राहिली तुमची झोप. वही आणि चाव्या एकाच माणसाकडे असणं तुमच्यासाठी वाईट आहेच, कामासाठीही वाईट आहे. कुणाला दिलं हे जो लिहितो, त्याने साठा सांभाळू नये, नाहीतर एखाद्या वेळी माल कमी भरला तर संशय सरळ तुमच्यावर येईल. चाव्यांचा दुसरा जोड करून घ्या आणि साठा दुसऱ्या कुणाकडे सोपवा. शक्यतो जे कागद मागा म्हणताहेत त्यांच्यातल्याच कुणाकडे. चिडून नव्हे, विश्वासाने द्या. आणि त्यांच्यातल्याच एकाला महिनाभर टेबलावर बसवून 'जेवणारी किती' विचारू द्या. लोक काय उत्तर देतात आणि देताना कुठे बघतात, हे त्यांनी जवळून पाहायला हवं. तुमच्या रागाचीही लाज बाळगू नका. वर्ष-वर्ष शनिवार देणाऱ्या माणसाला, आपल्याला फसवलं गेलं असं वाटलं तर राग येतोच. फक्त त्या रागात नियम करू नका आणि एकटीने करू नका. पाच जणांची सही असल्याशिवाय कुणाचीही पिशवी बंद होणार नाही, एवढा एक ठराव करून टाका.

शनिवारच्या वाटपानंतर मला दोनच आकडे कळवा. कुटुंबं किती आली, आणि त्यांच्या घरात जेवणारी माणसं एकूण किती.